मिनूला मी परत आणलं, वन्सं

वन्सं,

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा हे नुकतेच लॅबमधून आले होते, बूट काढत होते. फोन ह्यांनीच घेतला. तीन-चार वेळा नुसतं "येस, येस" म्हणाले, रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाले, "ताई गेली. झोपेतच गेली." मग खुर्चीत बसले ते एका पायात बूट तसाच ठेवून. दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. तुमच्या भावाला रडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी रडले. आणि रडता रडता माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? आता आपलं भांडण कोण पुढे नेणार?

तुमच्या कामाबद्दल तुमच्याबरोबरची माणसं बोलतील. मी तुम्हाला डॉक्टर म्हणून कधी पाहिलंच नाही. माझ्या वाट्याला तुम्ही नणंद म्हणून आलात, तेही बहुतेक पत्रांतून. मी सांगलीच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्हाला स्कॉटलंडला जाऊन दहा वर्षं झाली होती. तुमचं पहिलं पत्र मला पाठ आहे. ‘नीला, आपल्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. तू ओरडायला शीक.’ शिकले मी. पण पहिल्यांदा ओरडले ती तुमच्यावरच.

तुमच्याकडे बेटावर काढलेल्या त्या सात दिवसांबद्दल बोलायचं तर आधी एका डब्याबद्दल बोलायला हवं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मिनू तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही चंदीगडला सेक्टर तीसमध्ये लॅबच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. पंजाबात रोज माणसं मारली जात होती. आमच्या चौकात वाळूची पोती रचून जवान बसलेले असत. आज शाळा आहे की कर्फ्यू, हे सकाळी रेडिओ लावल्यावर कळे. दिल्लीकडे ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवून माणसं मारली होती, तेव्हापासून बेवारशी वस्तूची धास्ती सगळ्यांनीच घेतलेली. बसमध्ये पाटी, सिनेमाच्या आधी सूचना, शाळेत प्रार्थनेनंतर बाई मुलांकडून म्हणवून घेत, "लावारिस चीज़ को हाथ नहीं लगाएँगे." मिनू ते पाढ्यासारखं म्हणायची.

आणि एका संध्याकाळी बागेतल्या घसरगुंडीखालून ती एक स्टीलचा डबा घेऊन पळत माझ्याकडे आली. डबा कानाशी धरून हलवत होती. "मम्मी, देखो, अंदर कुछ है!"

मी धावले कशी ते मला आठवत नाही. डबा तिच्या हातातून उडवला आणि तिला मारलं. एकदा नाही, दोनदा, सगळ्या बायकांसमोर, पूर्ण ताकदीनं. डबा घरंगळत जाऊन उघडला. अर्धा पराठा होता, आणि लोणच्याची फोड. कुणा मुलीचा शाळेचा डबा राहिलेला.

मिनू रडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं खाली पडलेलं काहीही उचलणं बंद केलं. शाळेत पेन्सिल पडली तरी बाईंना सांगायची. घरात चमचा पडला तर तो ओलांडून जायची. हे म्हणाले, विसरेल. चार महिने झाले, ती विसरली नाही. मी तुम्हाला लिहिलं ते एवढंच की इथल्या वातावरणाचा मिनूवर परिणाम झालाय, ती कशालाच हात लावत नाही. थापडांचं लिहिलं नाही. उलट टपाली तुमची तिकिटं आली आणि वर एक ओळ, ‘दोघी या. प्रकाशला सुट्टी नसेल तर राहू दे त्याला.’

तुम्ही आम्हाला ज्या बेटावर नेलंत त्याचं नाव कुंब्रे. मी नकाशात शोधलं होतं तेव्हा ते शाईचा थेंब पडावा एवढं दिसलं. फेरीबोटीनं दहा मिनिटं, मग बस, मग खाडीसमोर एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. सबंध बेटावर गाव एकच. खोलीत शिरल्याबरोबर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवलात. हॉस्पिटलातल्यासारखे रकाने पाडलेले. सोमवार, किनारा. मंगळवार, रंगवलेली मगर. बुधवार, सील. गुरुवार, खेकडे. शुक्रवार, सायकली. शेवटचा रकाना, ‘पाऊस आला तर’. त्याच्या खाली सगळ्या दिवसांना मिळून एकच शब्द होता, ‘रेनकोट’.

"वन्सं, एखादा दिवस आराम?" मी विचारलं.

"आराम करायला तुझं घर आहे की. इथं बाहेर पडायचं. रोज."

तुमचं मराठी मला फार आवडायचं. सांगलीचं, वीस वर्षांपूर्वीचं, तिथल्या थंडीत जसंच्या तसं राहिलेलं. मिनू मात्र हिंदीत उत्तरं द्यायची आणि तुम्ही तिला एकदाही टोकलं नाहीत. तुम्ही मराठीत, ती हिंदीत, आणि दोघींचं कुठंच अडत नव्हतं.

सोमवारी किनाऱ्यावर बरीच मुलं होती. ओहोटी लागलेली, खडकांत पाण्याची डबकी राहिलेली. मुलं वाकून वाकून शंख, दगड, शेवाळ गोळा करत होती. आमची मिनू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. पायाजवळ एक सुंदर शिंपला होता, गुलाबी. तुम्ही म्हणालात, "उचल की."

"पता नहीं किसका है."

"कुणाचा असणार? समुद्रातून आलाय."

"आपको कैसे पता? आपने देखा था?"

मी शरमून गेले. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "नाही बाई, मी काही पाहिलं नव्हतं," म्हणालात आणि तिच्याशेजारी तशाच, हात मागे बांधून उभ्या राहिलात. दोघी कितीतरी वेळ डबक्यातल्या इवल्या माशांकडे बघत होतात. चहाची वेळ झाली म्हणून मी खोलीवर गेले.

मंगळवारी ती मगर. किनाऱ्यावरचा एक मोठा खडक, त्याला कुणी तरी डोळे आणि दात रंगवलेले. मिनू तिच्या पाठीवर चढून बसली. तो फोटो अजून आमच्या कपाटाच्या काचेत आहे. बुधवारी दिवसभर पाऊस. आपण तिघी रेनकोटात किनाऱ्याच्या रस्त्यानं चालत गेलो आणि खाडीतल्या खडकांवर पसरलेले सील पाहिले. मला ते कृष्णेच्या घाटाखाली पाण्यात बसलेल्या म्हशींसारखे वाटले. तसं म्हणाले तर तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की त्यातला एक सील पाण्यात गेला. त्या पावसात मला जाणवलं की तीन दिवसांत मी रेडिओ लावलेला नाही.

गुरुवार मला मिनिटा-मिनिटानं आठवतो. धक्क्यावर मुलं दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरत होती. तुम्ही डुकराच्या मांसाची पुडी आणलेली. मी नाक मुरडून लांब बसले. मिनूला मात्र तो खेळ जमला, कारण दोरी तिची स्वतःची होती, दुकानातून तिच्यासमोर घेतलेली. दुपारपर्यंत तिच्या बादलीत सात खेकडे. तिथला नियम असा की घरी जाण्याआधी सगळे परत समुद्रात सोडायचे. मिनूनं उतारावर बादली कलती केली. सहा खेकडे तुरुतुरु पाण्याकडे गेले. सातवा उलटा पडला. पांढरं पोट वर, पाय हवेत.

मी उठले. तुम्ही तेवढ्यात तिघींसाठी आइस्क्रीमचे कोन घेऊन आला होतात. मला म्हणालात, "बस खाली."

"आत्या, ये उलटा हो गया," मिनू ओरडली.

"हो ना गं. त्याला वळता येत नसेल."

"आप उठाओ ना."

"माझे हात बघ."

तुमच्या एका हातात दोन कोन, दुसऱ्यात एक. आइस्क्रीम वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, शेजारी बाक रिकामा होता, पण तुम्ही कोन खाली ठेवले नाहीत. मिनूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला नीट आठवत नाही. मग ती वाकली आणि दोन बोटांनी तिनं तो खेकडा उचलला. त्यानं लगेच नांगी मारली. ती किंचाळली, पण सोडला नाही. तशीच किंचाळत पाण्यापर्यंत गेली, त्याला पाण्यात ठेवलं आणि लाल झालेलं बोट वर धरून माझ्याकडे धावत आली. "मम्मी! काटा मुझे! देखो, सच में काटा!" हसत होती. संध्याकाळपर्यंत तिचे खिसे दगड-शंखांनी फाटायला आले होते.

तो दिवस तिथंच संपायला हवा होता. पण जेवण झाल्यावर तुम्ही टीव्ही लावलात. तिथला उन्हाळा, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. बातम्यांत पंजाब आला. बस अडवून माणसांना मारलं होतं, चंदीगडपासून फार लांब नाही. पुढं काय सांगत होते ते मला समजेना. तुम्ही फोन लावायला खाली दुकानात गेलात, तासाभरानं परत आलात. लाइन मिळत नव्हती.

मिनू आतल्या खोलीत शंख मांडत बसली होती. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि म्हणालात, "नीला, मिनूला माझ्याकडे ठेव."

"किती दिवस?"

"दिवस नाही. शाळा संपेपर्यंत. माझ्या घराशेजारी चांगली शाळा आहे. तू बघितलंस ना आज तिला? चार दिवसांत पोर मोकळी झाली. त्या पंजाबनं तिचे हात बांधून टाकलेत. तू तिला परत त्यात घेऊन जाणार?"

"तिचे बाबा तिथं आहेत."

"प्रकाश मोठा आहे. ती लहान आहे."

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच सांगतेय. आई आहेस तर तिचा विचार कर."

आणि मग मी ते बोलले. "तुम्हाला मूल नाही, वन्सं. तुम्हाला नाही कळायचं."

तुम्ही उठून तिघींची ताटं विसळलीत, पुसलीत, जागेवर ठेवलीत. मी पलंगावर पडून राहिले. माझ्या डोक्यात एकच चाललेलं. तुम्ही पंजाबला दोष दिलात आणि मी देऊ दिला. मिनूचे हात पंजाबनं नव्हते बांधले. पण ते कबूल केलं असतं तर तुम्ही मिनूला नक्की ठेवून घेतली असती, असं मला वाटलं. मारणाऱ्या आईकडे कोण मूल देईल?

सकाळी रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनच्या लाल खोक्यातून लाइन लागली. ह्यांचा आवाज आला. "मी ठीक आहे गं. लॅब चालू आहे. मिनूला म्हणावं, तिच्या मोगऱ्याला पाणी घालतोय." मी फोन ठेवून बाहेर आले तर तुम्ही तीन सायकली घेऊन उभ्या. शुक्रवार होता ना.

कऱ्हाडला कॉलेजात असताना चालवलेली सायकल, त्यानंतर पंधरा वर्षांनी हातात आली. ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. बेटाला वळसा घालणारा सपाट रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे मेंढ्या. मिनू पुढं, मी मध्ये, तुम्ही मागं. दोन तास आपण दोघी एक शब्द बोललो नाही. मधे थांबून तुम्ही थर्मासमधला चहा दिलात, साखर मला हवी तेवढी घातलेली. तुम्ही रागावलेल्या होतात की दुखावलेल्या, मला कळलं नाही. विचारायला हवं होतं.

फेरीच्या धक्क्यावर तुम्ही एकदाच म्हणालात, "ने तिला. पण घरात कोंडू नकोस. बाहेर काढ." आणि बोट सुटताना काठावरून ओरडून, "माझं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही हां!"

नाहीच घेतलंत. सहा वर्षं पत्रांतून आपण भांडलो. पंजाबची बातमी आली की आठवड्याभरात तुमचं पत्र येई, ‘अजून वेळ गेलेली नाही.’ मी उत्तरात लिहायची, रविवारी सुखना तलावावर गेलो, मिनूनं वल्हं मारलं. पिंजोरच्या बागेत गेलो. कर्फ्यूत गच्चीवर तंबू ठोकला. वन्सं, मी तिला खरंच बाहेर काढलं. सगळे दिवस सोपे नव्हते. एकदा नाक्यावर स्फोट झाला आणि आम्ही तिथून दहाच मिनिटं आधी गेलो होतो. त्या वेळी तुमचं पत्र आलं असतं तर कदाचित मी हरले असते. ते मी तुम्हाला कळवलंच नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तुम्ही आलात, दहा दिवस. मिनू तुम्हाला सायकलीवर डबलसीट घेऊन सेक्टरभर फिरली, बारा वर्षांची पोर आणि साठीची आत्या. चौकातले जवान हसले. सुखनाच्या काठावर भुईमुगाच्या शेंगा खात आपण बसलो होतो आणि तुम्ही म्हणालात, "पोर चांगली झालीय. तरी भांडण संपलेलं नाही." तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं ते, डब्याचं. तेवढ्यात मिनू आली आणि मी शेंगा सोलायला लागले.

काल मी ते मिनूला सांगितलं. चौदाची आहे आता, तुमचा फोटो पुसत होती. म्हटलं, लहानपणी मी तुला एकदा बागेत मारलं होतं, आठवतं?

"डिब्बेवाला? हाँ, याद है."

"मी ते आत्याला कधी सांगितलं नाही गं. तिला वाटायचं, तुला जे झालं ते इथल्या गोळीबारानं झालं."

मिनू फोटो पुसायची थांबली. "मम्मी, आत्या को पता था. मैंने बताया था. पहले ही दिन, बीच पर, तू चाय बनाने गई थी तब."

मी विचारलं, काय म्हणाली आत्या?

मिनूनं ते मराठीत सांगितलं, तुमच्याच आवाजात. "‘तुझी आई घाबरली होती गं. मी असते तर मीही मारलं असतं.’"

वन्सं, म्हणजे त्या गुरुवारी, मी तुम्हाला तसं बोलले तेव्हा, तुमच्याकडे उत्तर होतं. एक वाक्य बोलला असतात तर मी तिथंच गप्प झाले असते, आणि मिनू तुमच्याकडे राहिली असती. तुम्हाला ती किती हवी होती हे मला तेव्हाही दिसत होतं. तुम्ही ताटं विसळलीत. पंजाबला दोष दिलात तो माझं झाकण्यासाठी, हे मला सहा वर्षांनी कळतंय, आणि तेही तुम्ही गेल्यावर. मी बोलले त्याची माफी तुमच्यासमोर मागायची होती. तुमचं चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. माझंही चूक नव्हतं. पण तुम्ही हरलात ते तुमच्या मर्जीनं, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

हे परवाच्या विमानानं तिकडे निघणार आहेत. काल तिकीट हातात आलं तेव्हा एकदाचे रडले.

इथं आता जरा निवळलंय. बाजार आठनंतरही उघडा असतो. तुमच्यासाठी शोकसभा घ्यावी असं आपल्या मराठी मंडळात कुणी सुचवलं, मी नको म्हटलं. त्याऐवजी रविवारी मंडळातल्या मुलांना घेऊन मी आणि मिनू मोरनीच्या डोंगरात जातोय. इतकी वर्षं मुलांची अशी सहल कुणी काढली नव्हती. आज संध्याकाळी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून एका मेजरांची बायको आली, नाशिकची, नुकतीच बदलून आलेली. दारातच उभी राहून विचारत होती, "वहिनी, सुरक्षित आहे ना?"

मी म्हटलं, "ते मला नाही सांगता येणार. पण मी येतेय, आणि माझी मुलगीही येतेय."

ती आत येऊन बसली आणि तिनं दोन्ही मुलांची नावं लिहून दिली.

तुमची,
नीला